हातांची वही

आमटीत केस निघाला म्हणून मला नोकरी लागली.

पालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन मी कसब्यातली दोन खोल्यांची जागा सोडली आणि मुलाच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. दोन गल्ल्या सोडून एक वृद्धाश्रम होता. दुपारी तिथं जाऊन आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. एक दिवस त्यांनी जेवायला थांबवून घेतलं आणि दुसऱ्याच घासाला आमटीत हातभर लांब केस. मी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि व्यवस्थापकांना बोलावून दाखवला. ते तरुण होते, हॉटेलात काही वर्षं काढून आलेले. केसाकडे बघून म्हणाले, "मॅडम, मग तुम्हीच बघा ना आमचं किचन." तक्रार करणाऱ्यालाच कामाला जुंपायचं, ही आपल्याकडच्या संस्थांची जुनी युक्ती आहे. मी सोमवारपासून रुजू झाले.

कोरोनाच्या आधीची ती साडेतीन वर्षं. शाळेतल्या तीस वर्षांपेक्षा मला तीच जास्त आठवतात, हे माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकांना सांगितलं तर त्या रागावतील.

स्वयंपाकघर तळमजल्यावर, मागच्या बाजूला होतं. माणसं चाळीसेक जेवणारी. रांधायला तिघी: पोळ्यांच्या दोघी, आणि बाकी सगळ्याला मावशी. मावशी म्हणजे मुख्य स्वयंपाकीण. यवतमाळकडच्या. नवरा कारखान्यात कामाला म्हणून त्याच्यामागे पुण्यात आल्या, तो गेला तरी इथंच राहिल्या. आश्रमापासून जवळच एका खोलीत एकट्या राहायच्या. मुलगी लोणी काळभोरला दिलेली. ती सारखी बोलवायची, पण मावशी जायच्या नाहीत. "लेकीच्या घरी पाव्हणी म्हणून बरी असते बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "इथं चाळीस माणसं माह्या हाताची वाट पायतेत." हे त्या बढाई म्हणून सांगत नव्हत्या. कुठल्या आजींना वरणात हिंग चालत नाही, कुणाची कवळी सैल झाल्यामुळे भात आणखी मऊ हवा, कोण गोड नको म्हणून सांगतात आणि मग शेजाऱ्याच्या वाटीत बोट घालतात, सगळं त्यांना पाठ होतं. ते स्वयंपाकघर सोडून त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

नियम तिथं आधीपासून होते. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला छापील तक्ता होता, फ्रिजच्या मागे. टोपी, एप्रन, नखं, नेलपॉलिश, बांगड्या, अंगठ्या, हात कसे आणि किती वेळ धुवायचे, त्याची चित्रं. हाताला कापलं असेल तर जखम भरेपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही, हेही त्यात होतं. मी तक्ता फ्रिजमागून काढला, पुसला आणि दाराशी लावला. पण तक्ते वाचून कुणी सुधारतं यावर माझा विश्वास नाही. शाळेत मी दर सोमवारी मुलांचे हात बघायची. तोच प्रकार इथं सुरू केला, फक्त रोज.

सकाळी सातला तिघी दारात उभ्या राहायच्या. "हात पुढे. आता पालथे." पहिल्या दिवशी पोळ्यांच्या दोघी इतक्या हसल्या की एकीची टोपी पडली. मी हसले नाही. शाळेतला चेहरा काढला. मग नावं लिहून एक दोनशेपानी वही केली. तारीख, नाव आणि समोर 'ठीक' किंवा काय बिघडलं असेल ते. तिला सगळे हातांची वही म्हणायला लागले. दाराबाहेर भिंतीत चार खिळे ठोकून घेतले. बांगड्या, घड्याळ, गजरा, सगळं तिथं अडकवून मगच आत. नऊ वाजता कुणी त्या बाजूनं गेलं तर खिळ्यावरच्या मोगऱ्याचा आणि आतल्या फोडणीचा वास एकदमच यायचा. तसा वास मला पुन्हा कुठं आला नाही.

आश्रमात एक आजोबा होते, सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोर असे. दोन दिवस त्यांनी हा प्रकार निमूट बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, शाळा काढलीच आहे तर आमचीही हजेरी घेत चला. रोज किती उरलो ते तरी कळेल."

मावशींना पटवायला मात्र वेळ लागला. त्या पहाटे आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून यायच्या आणि नळाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी हात धुवायला सांगितलं की त्यांना ते लागायचं. "आंघोय करून आली ना मी. पारोशी नाही बाई." मी शिक्षिका असले तरी कसब्यातली आहे, पारोसं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. न आंघोळलेल्या माणसानं चुलीला हात लावायचा नाही हे माझ्याही घरात होतं. म्हटलं, "मावशी, आंघोळ झाली. मग खोलीला कुलूप कुणी लावलं? वाटेत दूधवाल्याकडून सुटे कुणी घेतले? फाटकाची कडी कुणी काढली?" त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि नळाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावला.

त्यानंतर त्या माझ्या वरताण झाल्या. व्यवस्थापक एकदा भजी उचलायला आत आले तर त्यांना हात धुवायला परत पाठवलं. पूर्वी त्या आमटी तळहातावर घेऊन चाखायच्या. मी दोन चमच्यांची रीत सांगितली, एकानं काढायचं आणि दुसऱ्यात ओतून चाखायचं. ती त्यांनी अशी उचलली की नव्या आलेल्या मदतनीस बाईला त्याच बजावत होत्या, "एक चमचा भांड्याचा, एक आपल्या तोंडाचा. त्या दोघायची भेट होऊ द्याची नाही."

आमचं एकच भांडण कधी मिटलं नाही. मला ळ म्हणजे ळ लागतो. त्या हळदीला हयद म्हणायच्या, डोळ्याला डोया. मी डब्यावरची चिठ्ठी दाखवून म्हणायची, "वाचा, ह-ळ-द." त्या नीट चिठ्ठी बघायच्या आणि म्हणायच्या, "तेच तर म्हणते मी. हयद." आणि पोळ्यांच्या दोघी तोंडाला पदर लावायच्या. एप्रन घातला होता, पण सवय पदराचीच.

मी कडक होते, हे सांगायला पाहिजे. एका पोळीवालीचं बोट एकदा तव्यावर भाजलं, फोड फुटला. तिला मी चार दिवस पिठाला हात लावू दिला नाही, जेवणघरात पाणी वाढायला लावलं. ती चारही दिवस माझ्याशी बोलली नाही. आजी लोकांनी तिची बाजू घेतली. मी वहीत कारण लिहिलं आणि ऐकलं नाही. या लोकांचं वय असं की तरुण माणूस ज्या पोटदुखीतून दोन दिवसांत उठतो, तिनं यांचं काहीही होऊ शकतं, हे मी त्या पोळीवालीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मावशी तेव्हा मान हलवत होत्या.

शेवटच्या वर्षीच्या श्रावणात आजी लोकांनी हट्ट धरला. आश्रमात आल्यापासून त्यांनी गोपाळकाला खाल्ला नव्हता. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी वाटीभर दहीपोहे मिळायचे, त्याला त्या काला मानायला तयार नव्हत्या. काला हातानं कालवलेला पाहिजे. पोहे, लाह्या, दही, काकडी, लिंबाचं लोणचं, डाळिंबाचे दाणे, ओलं खोबरं, आणि तो मावशींनीच कालवायचा, कारण त्यांचा हात. व्यवस्थापक म्हणाले, चालेल, पण ग्लव्ह्ज घालून. दारासमोरच्या खुर्चीतून आजोबा म्हणाले, "मोजे घालून कालवतात त्याला सॅलड म्हणतात."

मी मध्ये पडले. मावशी कोपरापर्यंत हात धुतील, मी समोर उभी राहीन, त्या एका दिवसापुरते मोजे नकोत. व्यवस्थापकांनी माझ्या शब्दावर ऐकलं. मला खरं म्हणजे स्वतःलाच तो काला हवा होता. नवरा गेल्यापासून माझ्या घरी तो झाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी सातला हात बघायला उभी राहिले. पोळ्यांच्या दोघींचे बघितले. मग मावशींनी हात पुढे केले. त्यांची बोटं नेहमीच पिवळी असायची, पंचवीस-तीस वर्षांची हळद होती ती, साबणानं जाणारी नव्हती. पण उजव्या हाताच्या तर्जनीवर पिवळा रंग दाट होता. पेरावर, एका रेघेत भरल्यासारखा. मी चष्मा खाली ओढला. हळदीखाली चीर होती, चांगली खोल. आदल्या संध्याकाळी त्या विळीवर नारळ खवत बसल्या होत्या.

मावशींनी हात मागे घेतला नाही. उलट तो माझ्या चष्म्यापाशी धरून ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात जेवणघरातून आवाज यायला लागला. आजी लोक आंघोळी उरकून, ठेवणीतल्या साड्या नेसून खुर्च्या मांडून बसल्या होत्या आणि एकीनं गौळण सुरू केली होती. आवाज कापरा, पण सूर पक्का. मला वाटलं, आता हिला बाजूला केलं तर त्या सगळ्यांना काय सांगायचं. मला वाटलं, हळद भरलीच आहे, आपल्या आया तरी दुसरं काय करत होत्या. हे सगळं डोक्यातून जायला एक क्षणसुद्धा लागला नाही. मी वहीत मावशींच्या नावासमोर 'ठीक' लिहिलं.

मावशींनी काही वेळ हात तसाच ठेवला. मग नळाशी गेल्या आणि खूप वेळ धूत राहिल्या. हळद धुऊन गेली असणार. मी मोठ्या परातीत पोहे काढले.

काला अप्रतिम झाला होता. आजही तोंडात चव आहे. हेडक्लार्क आजोबांनी तीनदा मागून घेतला, वर "पहिल्या दोन्ही वेळा नीट लक्ष दिलं नव्हतं" असं कारण दिलं. आजी लोक सावकाश जेवणाऱ्या, त्यात गप्पा, गाणी. परात टेबलावर अकरापासून दुपारपर्यंत राहिली. पावसानं उघडीप दिलेली, हवा उकडत होती. ती परात फ्रिजमध्ये ठेवायचं माझं काम होतं, तेही मी केलं नाही. मी गौळणी ऐकत बसले होते.

चारच्या चहाला पहिल्यांदा आजोबांना उलटी झाली. मग एका आजींना, मग आणखी दोघींना. पाचपर्यंत सहा-सातजण आडवे झाले. मी आणि मावशी भांडी धरत, पाठी चोळत, चादरी बदलत या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. गौळण म्हणणाऱ्या आजींना दवाखान्यात न्यावं लागलं, सलाईन लावलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. संध्याकाळी मलाही मळमळायला लागलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्या आजी घरी आल्या, म्हणजे आश्रमात आल्या. सगळे सावरले. पण डॉक्टरांनी व्यवस्थापकांना विचारलं होतं की ज्यानं कालवलं त्याच्या हाताला काही जखम होती का. त्यांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"मॅडम, इथं तर तुम्ही 'ठीक' लिहिलंय," ते म्हणाले. "आणि मावशींचं बोट बघा. तुम्हाला दिसलं नाही का?"

मी तोंड उघडलं होतं. शब्द निघायच्या आधीच मावशी बोलल्या.

"बाईले नाही दिसलं जी. हयद भरून लपोलं होतं मी."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघत राहिले. मुलांना खोटं बोलू नका म्हणून तीस वर्षं सांगत आलेली मी, एक शब्द बोलले नाही. इतकंच आठवतं की माझं अक्षर फार सुंदर आलं होतं त्या पानावर.

त्याच आठवड्यात मावशींना काढलं. आश्रमाच्या कमिटीला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंही. त्यांनी एप्रन धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवला आणि मुलीकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना तीन-चार आजींनी एकच प्रश्न विचारला, आज वरण कुणी केलं? आजोबांनी वरणाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही शेरा मारला नाही.

दीड-दोन महिने मी तशीच काढले. सकाळी हात बघायची, 'ठीक' लिहायची. नवीन स्वयंपाकीण चांगली होती, टोपी नीट घालायची, हातमोजे घालायची. एक दिवस मी सगळं कागदावर लिहिलं, मला जखम दिसली होती आणि मी जाणूनबुजून सोडून दिली, आणि तो कागद व्यवस्थापकांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. "मॅडम, सगळं मिटलंय आता. कशाला परत उकरून काढायचं?" असं म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकला. मी म्हटलं, मावशींना परत बोलवा. ते म्हणाले, कमिटी ऐकणार नाही, आणि ते खरंच होतं. मग मी माझाही राजीनामा दिला.

थंडी पडायला लागली होती तेव्हा मी लोणी काळभोरला गेले. पत्ता नीट नव्हता. हमरस्त्यावर उतरून एका दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "त्या यवतमाळच्या आजी ना? पुढं हाय घर, पिठाच्या गिरणीमागं." मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आत जाऊन हात धुऊन आल्या आणि मग पाणी दिलं. बोट भरून आलं होतं. पेरावर पांढरी रेघ राहिली होती.

मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. मला दिसलं होतं, मी लिहिलं 'ठीक', तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी बोलू दिलं. तुमचं स्वयंपाकघर माझ्यामुळे गेलं. हे सगळं वाटेत बसमध्ये मी पाठ केलं होतं, तरी मध्येच रडले.

मावशी मेथीची पानं खुडत होत्या. खुडता खुडता म्हणाल्या, "तुमाले दिसलं होतं, ते ठावं होतं मले."

"मग?"

"मग काय. मी हात कुठं लपोला होता? तुमच्या डोयापुढंच धरला होता ना. तेवढ्या म्हाताऱ्या नटून बसल्या होत्या, माह्या तोंडातून नाही निघत नव्हतं." त्यांनी देठं बाजूला केली. "मले वाटलं, आपल्या बाई आहेत. बाई नाही म्हणतीन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. इतके दिवस मी समजत होते की त्या सकाळी मी मावशींवर दया केली आणि ती महागात पडली. त्यांना माझी दया नको होती. माझ्याकडून एक 'नाही' हवा होता, जो मी शाळेत दर सोमवारी कुणाच्याही पोराला सहज म्हणत आले होते.